हिरवी तार

सोमवार, येलहंका

स्टिअरिंग हातात थरथरत होतं, म्हणून आज मीच जुन्या ट्रकखाली शिरलो. स्टिअरिंगच्या दांड्यातलं रबरी कपलिंग फाटलेलं, आणि वर तारेने आवळलेलं. दसऱ्याच्या आयुधपूजेला ट्रकला हार बांधायची ती हिरवी तार! नवं कपलिंग बसवलं, बोल्ट आवळले, पण डोकं शांत होईना.

अण्णाला, माझ्या सख्ख्या थोरल्या भावाला, विचारलं. म्हणतो, "स्वल्प फाटलं होतं रे. बांधलं होतं ना मी?"

बांधलं होतं म्हणे! चाकांखाली लिंबं ठेवतो, कोहळा फोडतो, आणि रविवारी माझ्या दोन्ही पोरींना त्याच ट्रकमधून नंदीचा घाट उतरवून आणतो. त्याला ठाऊक नसतं तर सोडून दिलं असतं. पण ती तार त्यानेच बांधली.

आणि आत्ता लिहिताना आठवलं. स्वतःच्या मुलाला त्याच रविवारी घाटातून त्याने बसने धाडलं होतं.