शाफ्टात मारलेली हाक

३ मार्च
पोचलो. घर लहान पण कोरडं. खिडक्या नीट लागतात, नळाला पाणी आहे, आणखी काय हवं! धाकटी बहीण सोबत आली आहे. पन्नाशी उलटली तरी बेबीच. गाडीत बसल्यापासून तिच्या तोंडाला खळ नाही. आता पडद्यांवरून चालू आहे. इथली युरेनियमची खाण कधीच बंद पडली. तिचे उघडे शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखी उभी भुयारं, बुजवून घेणं हे माझं काम. निवृत्तीआधीचं शेवटचं.

५ मार्च
काम समजून घेतलं. आधी शाफ्टात हाक मारून आत कोणी नाही याची खात्री करायची. मग मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर काँक्रीट. आतला वायू निघायला मधून एक पाइप वर आणतात. तो सगळ्यात शेवटी बंद करायचा. मुकादमाने बजावलं, हाक मारताना कुणाचं नाव घ्यायचं नाही. घ्यायचंच असेल तर सासूचं घ्या, म्हणाला. माणसं हसली. मला सासू उरलेली नाही, असं मी सांगितलं. मग हसली नाहीत.

७ मार्च
बेबी डबा घेऊन साइटवर आली. मुकादमाची हाक म्हणजे नुसती कुजबुज. अशाने कुणाला ऐकू जाणार? मी काठाशी गेले आणि खणखणीत हाक मारली. तोंडात आलं ते बेबीचंच नाव. लहानपणापासून दिवसभर तेच घेत आले आहे. खालून ओ आली. ‘ओ, ताई.’
मागे वळले. बेबी उभी होती, तोंड मिटलेलं. चेष्टा पुरे, म्हणून तिला दटावलं आणि माणसांना दगड सोडायला लावले. मुकादम माझ्याकडे बघत नव्हता.

८ मार्च
बेबी बोलत नाही. चहा करते, केर काढते, विचारलं तर मान हलवते. डॉक्टर म्हणाले, घसा स्वच्छ आहे.

१० मार्च
खडी पडली. पाइपाला कान लावला. ती खाली आहे. पडद्यांबद्दल बोलत होती. ताई, एक पडदा कमी पडतोय गं, म्हणाली.
घरी बेबी खुर्चीत. हात गार.

१२ मार्च
काँक्रीट थांबवा म्हटलं. साहेबांनी कारण विचारलं. खाली माझी बहीण आहे, म्हणाले. मग घरी कोण आहे, असं त्यांनी विचारलं. तीच, म्हणाले.
मला सक्तीची रजा. काँक्रीट ओतलं.

१३ मार्च
मुकादमाला विनवलं, पाइप तेवढा राहू दे. हुकूम झालाय बाई, म्हणाला. रडत होता. मला रडू आलं नाही.
बेबी निजून आहे. श्वास आहे, पण आवाज पाइपातल्यासारखा — लांबून —

१४ मार्च
खिडकीतून दिसतंय. पाइपाशी वेल्डिंगच्या ठिणग्या.
बेबी उठून बसली. तोंड उघडलंय, श्वास आत —
नाव घेऊन हाक मारते आहे. बेबी, ओ दे गं. इथून दे. बेबी, ओ —