पातेल्याची खूण

आबा, तुमचा धाकटा सांगलीच्या जेलात आहे, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. बांधावरच्या मारामारीत त्याचं नाव आलं, खटला अजून उभा राहायचाय. तुम्ही असतात तर आधी त्याला शिव्या घातल्या असत्या आणि मग भाकरी बांधून भेटायला गेला असतात. आई माझ्याकडे साताऱ्याला होती. गेल्या आठवड्यात चहा पिता पिता तिच्या हातातली बशी निसटली, तोंड वाकडं झालं. तिला दवाखान्यात घातलं. डॉक्टर म्हणाले, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या. पण जेलातल्या माणसाला बोलवायचं कसं? त्याचा फोन आपल्याला येतो, आपला त्याला जात नाही.

वकिलांना गाठलं. ते म्हणाले, कोर्टात अर्ज करतो, पोलीस बंदोबस्तात भेटीला आणता येईल. तोवर जेलरसाहेबांकरवी त्याच्या कानावर घालू. "आई सिरियस आहे म्हणून सांगा," मी म्हणाले, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो ते. आपल्याकडे माणूस गेला तरी लांबच्याला "सिरियस हाय, निघून ये" असंच सांगतात ना? तुम्हालाही तसंच सांगितलं होतं. तुम्ही मेंढरं घेऊन कोकणात उतरला होतात, इकडे आजी गेली, आणि निरोप आणणारा म्हणाला, म्हातारी लय आजारी हाय. तुम्ही तिच्यासाठी वाटेत मोसंबी घेतलीत. मला अजून तुम्ही दारात दिसता. हातात पिशवी आहे, अंगणात बसलेल्या बायका तुमच्याकडे बघतायत, आणि ती पिशवी कुठे ठेवावी ते तुम्हाला सुचत नाहीये. त्यानंतर तुम्ही घरात दंडक घातलात. "आपल्यात निरोप खरा द्यायचा. अन् संगट खूण द्यायची." खूण म्हणजे निरोप देणारा आणि घेणारा, या दोघांवाचून कुणाला ठाऊक नसलेली गोष्ट. वकिलांना निरोप सांगताना मी घाबरले होते, खूण द्यायची विसरूनच गेले.

दुसऱ्या दिवशी वकिलांचा फोन आला. त्याने निरोप ऐकला, तिथल्या न्हाव्यापुढे बसून केस उतरवले, आणि जेवणाला शिवत नाही. म्हणतो, "आय गेली माझी. निरोपासंगट खूण कुठं हाय? मला येडा समजताय व्हय?" जिवंत आईचं सुतक धरून बसला! मला रडू आलं आणि रागही आला, त्याचा आणि आपल्या या गोड खोटं बोलायच्या रीतीचाही.

मी आईच्या कानाशी गेले. "आई, त्याला पटत न्हाई तू हायस म्हणून. खूण दे काहीतरी." ती अर्ध्या तोंडाने, एकेक शब्द ओढत म्हणाली, "जर्मनचं पातेलं... हिरीत त्यानंच टाकलं. म्या कुणाला सांगितलं न्हाई म्हणावं." आबा, विहिरीत गेलेल्या त्या अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यासाठी तुम्ही मला बोलला होतात, आठवतं? कोकराला दूध पाजायला नेलं आणि हरवून आले म्हणून, साऱ्या वस्तीदेखत. आणि ही बाई इतकी वर्षं लेकाला पाठीशी घालून गप्प! मला हसू फुटलं. तीही हसली असावी, ओठाची एक बाजू हलली.

वकिलांनी निरोप जसाच्या तसा पोचवला. ऐकल्याबरोबर त्याने जेवण मागितलं म्हणे. काल कोर्टाची परवानगी मिळाली. आज सकाळी त्याला घेऊन गाडी सांगलीहून निघाली.

आणि आई आत्ताच गेली, आबा. नर्सबाईंनी चादर नीट केली, मी बाहेरच्या बाकावर येऊन बसले, तेवढ्यात बंदोबस्तातल्या हवालदारांच्या फोनवरून त्याचा आवाज आला. गाडीने कराड सोडलं होतं.

"अक्का, आय वळखील का गं मला? डोकं भादरलंय म्या."

"वळखील की," मी म्हणाले. "सिरियस हाय, पण वळखील. तू ये."

औषधाच्या बिलाच्या पाठीमागे हे लिहिते आहे, कारण इथे दुसऱ्या कुणाला सांगण्याजोगं नाही. तुमचा दंडक मी मोडला. आणि त्याने या खेपेला खूण मागितली नाही.