नखावरची खूण

सोमवार, ३ तारीख

पोचलो एकदाच्या! मी, माझी तीन वर्षांची ठमी आणि लसींचा बर्फाचा डबा. चढानं माझा जीव मेटाकुटीला आला. ठमी मात्र वाटाड्याच्या पाठुंगळी बसून महाराणीसारखी आली. दवाखान्याची खोली मस्त आहे. खिडकीतून अख्खी वस्ती दिसते. तापामुळे ठमीची गोवराची लस राहिलीय. ताप उतरला की पहिली तिलाच टोचीन.

बुधवार, ५

सगळ्या आया पोरं घेऊन हजर! मला तर हुरूपच आला. टोचलं की डाव्या अंगठ्याच्या नखावर काळी खूण करायची, म्हणजे तेच पोर दोनदा टोचलं जात नाही. काही पोरांना खूण आधीच होती. आधीच्या सिस्टरबाईंनी टोचलं असेल म्हणून त्यांना सोडलं. लस वाचली, बरंच झालं.

शनिवार, ८

सोडलेल्यांपैकी दोन पोरं गोवरानं गेली. वस्तीतल्या दाईला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, आधीच्या बाईंच्या डब्यातला बर्फ वाटेत वितळला होता. परत कोण जाणार, म्हणून त्यांनी तशीच लस टोचली, खुणा केल्या. साथीत ती पोरं दगावली, पाठोपाठ बाईही गेल्या. त्याला दोन वर्षं झाली. आताच्या खुणा तुम्हीच केल्यात ना, असं उलट मलाच विचारलं तिनं.

रविवार

खूणवाल्या पोरांमागे दारोदार फिरले. सगळ्यांच्या अंगावर पुरळ. मी मेलीनं आधी का नाही विचारलं! दरडीनं वाट बंद, नवा बर्फ येणार नाही.

सोमवार, दुपार

ठमीचा ताप उतरला. लसीची एकच बाटली उरलीय — हाताला कोमट लागतेय. कोमट लसीचा काय उपयोग? पण न टोचून तरी —

नंतर

ठमी अंगणात एकटीच हसत होती. नखावर काळी खूण. म्हणे डबावाली मावशी आली होती, जरासुद्धा दुखलं नाही. पण खुणेचं पेन तर माझ्या खिशात — साबण, राख, रॉकेल — निघत नाही. देवा, माझं लेकरू नको रे.

टोचतेच. कोमट तर कोमट. दुसरं काय करू — त्या बाईंनीही असंच —

दाराला कडी आहे. तरी आत डबा टेकवल्याचा आवाज. टेबलावरची सुई नाही —

ठमी म्हणते, मावशी सांगतेय, खूण असली की आईनं सोडायचं असतं —

ठमे, इकडे ये. हात नको देऊस तिला, ठमे —