पोहायला लागल्यापासून

११ नोव्हेंबर
रिपोर्ट आला. उपाशीपोटी १९२, तीन महिन्यांची सरासरी ९.४. डॉक्टर म्हणाले, "बाई, रोज काय खाल्लं ते वहीत लिहा. खरं लिहा." ही ती वही. मुलांच्या निबंधाच्या वह्यांमधली एक कोरी उरली होती.
आज: चहा ३, पोळ्या ३, बटाटा भाजी, ॲग्नेसच्या डब्यातले तळलेले बोंबील दोन, शाळेत कुणाच्या तरी वाढदिवसाचा पेढा.
खरं लिहायचं तर पेढे दोन.

१२ नोव्हेंबर
ॲग्नेसला सांगितलं. स्टाफरूममध्ये खिडकीजवळचं टेबल, एकवीस वर्षं आम्ही दोघी तिथेच डबा खातो. तिने ऐकलं आणि म्हणाली, "नऊ पॉइंट चार? माझं दहा. ये, स्वागत आहे." दोघी हसलो. तिला सहा वर्षांपासून आहे. गोळी आठवली तर घेते.
मी म्हटलं, आपण दोघी मिळून काहीतरी करू. ती म्हणाली, "करू की. नाताळ होऊ दे."

२० नोव्हेंबर
सकाळी चालणं सुरू. घरातून निघून गास गावाच्या बाजूला, शेतं लागेपर्यंत, परत. पन्नास मिनिटं. पोटऱ्या दुखतात. चहात साखर नाही, नववा दिवस. महेश म्हणतो, बिनसाखरेचा चहा म्हणजे गरम पाणी. त्याच्या चहात दोन चमचे घालून दिली आणि वास घेतला. नवऱ्याच्या चहाचा वास घेणारी बाई.

५ डिसेंबर
तलावावर गेले. बायकांची बॅच सकाळी सहा ते सात. कुणाला सांगितलं नव्हतं, महेशलासुद्धा नाही. पायापर्यंतचा पोशाख घालून काठावर उभी, पोट आत ओढून.
लहानपणी गावच्या विहिरीत दादाने पाठीला रिकामा डबा बांधून ढकललं होतं. चार दिवसांत डबा सुटला, मग कॉलेजपर्यंत मी पाण्यातच. लग्न झालं आणि ते सगळं कुठे गेलं कळलंच नाही. सव्वीस वर्षं.
उतरले. थंडगार. पाय सोडले आणि अंगाला सगळं आठवलं, मलाच आठवत नव्हतं. अर्ध्या तलावात दम लागला, कठडा धरून रडले. पाण्यात रडलेलं दिसत नाही हे बरं. कोच म्हणाल्या, "तुम्ही पोहायला शिकलेल्या आहात की."

६ डिसेंबर
ॲ.ला सांगितलं. इतकी खूश झाली की माझे दोन्ही हात धरून बसली. "अगं तुझा चेहरा बघ." दुपारी तिने सगळ्या स्टाफला सांगितलं.

२५ डिसेंबर
पापडीला, ॲ.च्या घरी. दरवर्षीप्रमाणे. ती, तिचा भाऊ पास्कल, वहिनी लीना. ॲ.ने लग्न केलं नाही, भावाचं घर तेच तिचं. अंगणात येशूजन्माचा गोठा सजवलेला, केळीच्या पानांचा.
सगळ्यांसाठी करंज्या, तळून साखरेत घोळवलेले कलकल, केक. माझ्यासाठी वेगळा लहान डबा, त्यावर चिकटपट्टी लावून माझं नाव. "खजुराच्या केल्यात. साखर अजिबात नाही. दोनदा बिघडल्या, तिसऱ्यांदा जमल्या."
आणि मी काय म्हणाले? खजुरातही साखरच असते म्हणाले. मैदा आहे, तळलेलं आहे म्हणाले. मग थांबले नाही. तिच्या ताटाकडे बघून म्हटलं, तूसुद्धा खाऊ नयेस, पायांना मुंग्या येतात म्हणतेस ना. लीना पाणी आणायला आत गेली. ॲ. म्हणाली, "बरं." डबा उचलून फडताळावर ठेवला.
घरी येईपर्यंत मला वाटत होतं, मी बरोबर बोलले.

८ जानेवारी
वजन पाच किलो कमी. तलावाच्या सलग आठ फेऱ्या. ब्लाउज आत घ्यायला टाकले. मुख्याध्यापक म्हणाले, बाई, दहा वर्षांनी लहान झालात. ॲ. आज धाकट्या वर्गाच्या बाईंबरोबर जेवली. त्यांचं काहीतरी काम होतं म्हणे.

१९ जानेवारी
डब्याच्या सुट्टीत ॲ.ने बटाटेवडा उघडला. मी काही बोलले नाही, फक्त बघितलं. तिने झाकण लावलं.
"संध्या, तुझं पोहणं मला आवडतं. तू खूश दिसतेस, मला बरं वाटतं. पण आता तू माझ्याशी बोलत नाहीस. वही तपासल्यासारखी मला तपासतेस."
मी म्हटलं, काळजी वाटते म्हणून. ती म्हणाली, "माहीत आहे. म्हणून तर राग पण येत नाही नीट."
घंटा झाली. सातवीचा तास. शिकवताना काय बोलले ते आठवत नाही.

१८ फेब्रुवारी
राखेचा बुधवार, ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपासाची सुरुवात. ॲ. कपाळावर राख घेऊन शाळेत आली आणि सरळ आमच्या टेबलाशी येऊन बसली. कितीतरी दिवसांनी. "या उपासात मी गोड सोडलं. आणि रविवारी तुझ्याबरोबर चालायला येते. एकच अट. भाषण नाही."
मी म्हटलं, एक शब्द नाही. खरंच आनंद झाला. एवढा की संध्याकाळी परस्पर दुकानात जाऊन तिच्यासाठी चालायचे बूट घेतले. तिच्याकडे चपलांशिवाय काही नाही. माप माझ्या अंदाजाने, तिचा पाय मला माहीत आहे.

२० फेब्रुवारी
बूट दिले. घालून बघितले तिने. "थोडे दाबतात का गं?" मी म्हटलं, नवे आहेत, दोनदा चाललीस की सैल होतील.

२२ फेब्रुवारी
कळंबचा किनारा. सकाळी साडेसहा, ओहोटी. ॲ. साडी खोचून, नवे बूट घालून. मासळी वाळत घातलेल्या काठ्यांपर्यंत गेलो आणि परत. तिला धाप लागत होती पण थांबली नाही. वाटेत तिने लहानपणची गोष्ट सांगितली, बाबांच्या सायकलवर पुढे बसून फुलांच्या टोपल्यांसकट स्टेशनला जायची ती. एकवीस वर्षांत हे सांगितलंच नव्हतं. मी काही शिकवलं नाही. शहाळं प्यायलो. एवढी साधी, छान सकाळ.

१ मार्च
परत कळंब. आज जास्त लांब. ॲ. म्हणाली, "पाय दुखत नाहीत, बघ. मला वाटलं होतं खूप दुखतील." मी म्हटलं, सवय होतेय.

८ मार्च
तिसरा रविवार. ॲ. जरा मागे राहत होती. विचारलं तर म्हणाली, झोप नाही झाली. मी पुढे जाऊन थांबायचे, ती यायची. मी म्हटलं, चल गं, आता कुठे जमायला लागलंय, आता सोडू नकोस.
भाषण नव्हतं ते. मला वाटलं, नव्हतं.

१५ मार्च
ॲ. आली नाही. घरी काम आहे. मी एकटी चालले.

१९ मार्च
ॲ. तीन दिवस रजेवर. ताप. फोन केला, आवाज बरा होता. "येऊ का?" "नको, सर्दी लागेल तुला, रविवारी तुझं ते आहे ना." रविवारी तलावावर पंचेचाळीसच्या वरच्या बायकांची शर्यत आहे.

२२ मार्च
शर्यत. तलावाची लांबी दोनदा. दुसरी आले. शेवटच्या दहा हातांत माझ्या शेजारची बाई माझ्या मागे पडली, मला पाण्यातून दिसत होतं. महेश आला होता, त्याने टाळ्या वाजवल्या. गळ्यात पदक. लग्नातसुद्धा माझा असा फोटो आला नव्हता.
ॲ.ला लगेच पाठवला. दोन तासांनी उत्तर आलं. अंगठा.

२४ मार्च
लीनाचा फोन. ॲ. दवाखान्यात, शुक्रवारपासून. पायाला जखम. उजव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट काल काढलं. विष वर चढत होतं म्हणे.
मी विचारलं, कसली जखम. लीना म्हणाली, "बुटाने घासलं होतं. तिला कळलंच नाही, तिच्या पायाला लागलेलं कळत नाही ना. आम्हालाही उशिरा दाखवलं."
वर्गात गेले. मुलांना म्हटलं, वाचा आपापलं.

२५ मार्च
दवाखान्यात गेले. लीना दारातच भेटली. झोपली आहे म्हणाली. झोपली नव्हती. आतून खोकण्याचा आवाज येत होता. नारळपाणी लीनाकडे दिलं. जिन्यात बसले थोडा वेळ, मग आले.

२९ मार्च
झावळ्यांचा रविवार, ईस्टरच्या आधीचा. तलावावर नाही, कळंबला नाही. महेशला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तू मुद्दाम केलं नाहीस. मला माहीत आहे मी मुद्दाम केलं नाही. बूट दाबतात म्हणाली होती. मी तिचा पाय बघितला नाही, एकदाही. आठ तारखेला ती मागे पडत होती तेव्हा मी पुढे उभी राहून घड्याळ बघत होते.

६ एप्रिल
काल ईस्टर. ॲ. घरी आली असं पास्कल म्हणाला. मी फोनवर शुभेच्छा दिल्या, तिला निरोप द्या म्हटलं. "देतो बाई." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

१६ एप्रिल
परीक्षा. सुपरव्हिजन. तलाव बंदच. मी बंद केलाय, तलाव चालू आहे. आज: चहा ४ साखरेचे, शेव, रात्रीचा भात, दुपारचा भात, आंबा एक, मग अजून अर्धा.

२१ एप्रिल
उपाशीपोटी १७४. महेशने कागद बघितला. तो सहसा बोलत नाही. म्हणाला, "तू साखर वाढवून घेतलीस तर तिची बोटं परत येणार आहेत का?" मी त्याच्यावर ओरडले. तो स्वयंपाकघरात गेला आणि ज्वारीची भाकरी थापायला लागला. त्याला येत नाही. तीन तुकडे झाले. ते तीन तुकडे मी खाल्ले.

२७ एप्रिल
परत तलाव. पहिल्या फेरीला जड, तिसरीला अंग मोकळं झालं. सूर्य पाण्यात उतरला होता, तळाची फरशी हलत होती. दहाव्या फेरीपर्यंत ॲग्नेसची आठवण आली नाही. वीस मिनिटं मी अगदी सुखात होते. कठड्याशी आले तेव्हा लक्षात आलं आणि वर चढवेना. मला हे आवडतं. तिची बोटं गेली तरी मला हे आवडतं. कुणाला सांगू हे? सांगायची ती एकच होती.

३ मे
ॲ.ने स्वतः बोलावलं. पापडीला गेले. व्हरांड्यात खुर्चीवर, पाय स्टुलावर, पट्टी. बारीक झाली आहे. मी महिनोन्महिने तिला बारीक हो म्हणत होते.
मी आधी बोलायला लागले, बुटांचं. तिने हात वर केला, वर्गाला गप्प करते तसा.
"बुटांचं नाही. बूट कुठलेही चावले असते. एक मार्चला घरी येऊन मोजा काढला तेव्हा रक्त दिसलं. तेव्हाच डॉक्टरकडे गेले असते तर टाके पण लागले नसते."
"मग गेली का नाहीस?"
"कारण तुला सांगावं लागलं असतं. तू आधी रागावली असतीस, मग समजावलं असतंस, मग माझी साखर विचारली असतीस. मला वाटलं, आपोआप बरं होईल आणि हिला कळणार नाही. रविवार चुकवायचे नव्हते मला. तू किती खूश होतीस त्या किनाऱ्यावर."
मी स्टुलावरच्या पट्टीकडे बघत राहिले.
"पूर्वी मी तुला सगळ्यात आधी सांगायचे," ती म्हणाली. "आता तुझ्यापासूनच लपवलं. घरच्यांना दाखवलं नाही, तेही त्यांनी तुला सांगितलं असतं म्हणून. ते मला जास्त लागलंय."
लीनाने चहा आणला. दोन्ही बिनसाखरेचे. निघताना ॲ. म्हणाली, "थोडे दिवस येऊ नकोस. पोहणं सोडू नकोस, त्याचं ओझं मला नको. पण येऊ नकोस."

१० मे
गेले नाही. तलाव, बारा फेऱ्या. उपाशीपोटी १३८.

१८ मे
शाळेच्या कार्यालयात कळलं, ॲ.ने विचारणा केलीय, लवकर निवृत्ती घेता येते का. अजून अर्ज दिलेला नाही. क्लार्क म्हणाला, तुम्हाला माहीत असेलच. मी हो म्हटलं.

२२ मे
लीना बाजारात भेटली. वांगी निवडत होती. म्हणाली, चालायला लागली आहे, काठी घेऊन, फाटकापर्यंत आणि परत, सकाळी. कुणाला बरोबर येऊ देत नाही. मी विचारलं, मला काही निरोप? लीना म्हणाली, "नाही बाई." मग माझ्या पिशवीत दोन वांगी टाकली, का कुणास ठाऊक.

२७ मे
राहवलं नाही. तलावावरून सरळ पापडीला गेले, केस ओले. घरात शिरायचं नाही, नुसतं रस्त्यावरून बघायचं, असं ठरवून.
ॲ. अंगणात होती. काठी, पायात मोठी चामड्याची चप्पल, दवाखान्यातून करून दिलेली असावी. केळीच्या बाजूने फाटकाकडे येत होती, एक पाऊल टाकायची, थांबायची, दुसरं. मी फाटकाच्या बाहेर. तिने मला बघितलं. थांबली नाही. फाटकापर्यंत आली, आतून गज धरून उभी राहिली, श्वास घेतला. आमच्यामध्ये हातभर अंतर.
मी काही विचारलं नाही. पायाकडे बघितलं नाही. खूप कठीण गेलं.
ती वळली आणि परत व्हरांड्याकडे निघाली, तशीच, थांबत थांबत. पायरीशी पोचल्यावर मागे न बघता म्हणाली, "ऊन चढलं. जा आता."
मी हो म्हटलं. गेले नाही लगेच. ती पायरीवर बसली, काठी बाजूला ठेवली. आत गेली नाही.