दोष रायफलमध्येच आहे

शनिवार, २२ ऑगस्ट

घटनाक्रम:
१. नवी रायफल घेऊन सकाळी गावच्या नेमबाजीच्या रेंजवर गेले.
२. पंचाहत्तर मीटरवर कागद लावला. टेबलावर वाळूची पिशवी, पिशवीवर रायफल, मागे मी.
३. पाच गोळ्या झाडल्या.
४. दोन कागदाला लागल्या, एक चौकटीच्या लाकडाला. उरलेल्या दोन कुठे गेल्या, माहीत नाही.
५. ओस्मो हसला.

निष्कर्ष: रायफलमध्ये दोष आहे.

हे मी रागाने लिहीत नाही. ताम्पेरेच्या प्रयोगशाळेत वजनकाटे तपासणं हेच माझं काम. रोज यंत्रं माझ्यापुढे येतात आणि ती किती खोटं बोलतात हे मी सही करून सांगते. खोटं बोलणारं यंत्र मला ओळखू येतं.

प्रश्न सात नंबरच्या मचाणाचा आहे. दलदलीच्या कडेचं हे मचाण गेली कित्येक वर्षं टाउनोकाकांचं. हाकाऱ्यांची रांग ओरडत जंगलातून निघाली की मूस हरणं तिथूनच बाहेर पडतात. काकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, यंदा शिडी चढता येणार नाही. शिकारमंडळाच्या बैठकीत काका उठले आणि म्हणाले, माझी जागा हेल्काला द्या. काका सबंध वर्षात जेमतेम दोन वाक्यं बोलतात. त्यातलं एक त्यांनी माझ्यावर खर्च केलं.

राइलीमावशी आमच्या शिकारप्रमुख. त्या म्हणाल्या, बरं तर. नेमबाजीची परीक्षा पास झाली तर हेल्काला, नाहीतर ओस्मोला. ओस्मो माझा आत्तेभाऊ. त्याने मान डोलावली आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

हंगाम दहा ऑक्टोबरला सुरू होतो. शेवटची परीक्षा तीन तारखेला. वेळ भरपूर आहे.

रविवार, २३ ऑगस्ट

दोष सापडला. रायफलवरच्या दुर्बिणीच्या बैठकीचा एक स्क्रू ढिला होता. प्रयोगशाळेतून आणलेल्या टॉर्क पान्याने सगळे स्क्रू एकसारखे आवळले. विषय संपला.

दुपारी, पुरावा म्हणून, तीन गोळ्या. एक मधोमध. उरलेल्या दोन अजून नव्या स्क्रूंना सरावल्या नसाव्यात.

आमच्या मंडळात एक जुनी पद्धत आहे. रेंजवर ज्याची गोळी वर्तुळाबाहेर जाईल त्याने पुढच्या खेपेला सगळ्यांसाठी वेलदोड्याचे बन करून आणायचे. पद्धत निरर्थक आहे, पण मी नियम पाळते.

शनिवार, २९ ऑगस्ट

बन नेले. प्रत्येक बनाचं वजन सारखं होतं. सगळ्यांनी दुसरा घेतला.

आज काडतुसांवर काम केलं. चार वेगवेगळ्या बनावटीची आणली होती, आठवड्यात प्रयोगशाळेतल्या काट्यावर एकेक तोलून ठेवली होती. फरक नगण्य. म्हणजे दोष आहे, पण तो वजनात दिसणारा नाही.

चारही प्रकारांनी कागदावर सारखाच पसारा मांडला. ओस्मो म्हणाला, अगं, निदान पक्षपात तरी करत नाही तुझी रायफल.

रविवार, ३० ऑगस्ट

आज पुन्हा बन. काल रात्री पीठ मळावं लागलं.

रायफल साफ केली. नळीत तांब्याचा थर होता. तांबं विरघळवणारं द्रावण लावून दोन तास ब्रश फिरवला, हात निळे झाले. यानंतरच्या पाच गोळ्या आधीपेक्षा स्पष्टपणे वेगळ्या ठिकाणी लागल्या. प्रगती आहे.

टाउनोकाका कुबडी घेऊन आले होते. माझ्या मागे बराच वेळ उभे राहिले. निघताना म्हणाले, पोरी, तू फार जोरात पकडतेस. वर्षाचं दुसरं वाक्यही गेलं. मुद्दा भावनिक आहे, तरी नोंद करून ठेवते.

शनिवार, ५ सप्टेंबर

मशरूमचा मोसम, निम्मं गाव जंगलात. तरी रेंजवर नेहमीपेक्षा गर्दी. मागच्या बाकावर जागा उरली नव्हती. माझ्या पद्धतशीर तपासणीबद्दल लोकांचं कुतूहल वाढतं आहे.

आज वाऱ्याची तपासणी. वारा मोजायचं यंत्र आणलं होतं. वारा जवळपास नव्हता, पण झाडांच्या पलीकडे असणार.

राइलीमावशींनी माझ्या कागदाकडे पाहिलं. म्हणाल्या, बरं तर. त्या कमी बोलतात, पण माझी दिशा त्यांना पटलेली दिसते.

रविवार, ६ सप्टेंबर

ओस्मोने माझी रायफल मागितली. तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही भोकं एका कॉफीच्या कपाखाली झाकली गेली असती. बाकावरचे सगळे कपात बघायला लागले.

स्पष्टीकरण साधं आहे. ओस्मोचं वजन माझ्या जवळजवळ दुप्पट आहे. रायफलची थरथर त्याच्या शरीरात जिरते. म्हणजे ही रायफल जड माणसांसाठी बनलेली आहे आणि दुकानदाराने ते मला सांगितलं नाही. दोष रायफलमध्येच आहे, फक्त त्याचं नाव बदललं.

ओस्मोला हे सांगितलं. तो म्हणाला, मग बन कमी वाट आणि स्वतः जास्त खा.

शनिवार, १२ सप्टेंबर

महत्त्वाचा दिवस.

टाउनोकाका आज स्वतःहून माझ्याशेजारी स्टुलावर बसले. खुणेनेच म्हणाले, काडतुसं मी भरतो, तू फक्त मार. मला बरं वाटलं. पहिली गोळी वर्तुळाबाहेर. दुसरीही. तिसऱ्यांदा चाप ओढला आणि काडतूस फुटलंच नाही. नुसती टक् झाली. रायफलचं तोंड वाळूच्या पिशवीवरून घसरून थेट गवतात गेलं. माझं कपाळ दुर्बिणीला लागलं.

कोणीतरी बन चावण्याचं थांबवलं. काका माझ्या तोंडाकडे बघत होते. राइलीमावशी म्हणाल्या, बरं तर.

मी ते काडतूस मागून घेतलं. आत दारूच नव्हती. काडतुसांवर माझा पहिल्यापासून संशय होता, तो आज सगळ्यांसमोर सिद्ध झाला. काकांना तसं सांगितलं. ते कुबडी घेऊन उठले आणि आपल्या गाडीत जाऊन बसले. निकामी काडतूस त्यांच्या हातून भरलं गेलं याचं त्यांना वाईट वाटलं असणार. मी गाडीपाशी जाऊन सांगितलं, काका, तुमची काही चूक नाही. त्यांनी काच वर केली.

रविवार, १३ सप्टेंबर

काडतुसांच्या दोषाबद्दल कारखान्याला लिहिलं. सभ्य भाषेत.

कपाळावर अर्धचंद्र. ऑफिसात विचारलं तर कपाटाचं दार सांगेन.

शनिवार, १९ सप्टेंबर

दुर्बीण बदलली. काकांनी आपली जुनी दिली. तिच्यातून जग पिवळट दिसतं. गोळ्या पूर्वीसारख्याच विखुरल्या. दोन स्वतंत्र दुर्बिणी एकाच पद्धतीने बिघडलेल्या असणं दुर्मीळ, पण अशक्य नाही.

आता शेजारच्या गावचे लोकही रेंजवर येतात. एक बाई डबा घेऊन आली होती.

परत निघाले तेव्हा ओस्मो गाडीपाशी आला. इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाला, हेल्का, खरं सांगू? रायफल ठणठणीत आहे. बार व्हायच्या आधीच तू दचकतेस. डोळे घट्ट मिटतेस, खांदा पुढे टाकतेस. अख्ख्या रेंजला माहीत आहे.

मी विचारलं, मग महिनाभर कोणी सांगितलं कसं नाही?

तो म्हणाला, दुसऱ्याच्या नेमात आपण होऊन तोंड घालत नाही आपल्याकडे, तुला माहीत आहे. आणि सांगितलं असतं तर बन बंद झाले असते.

ओस्मोला माझं मचाण हवं आहे. ज्याचा फायदा गुंतलेला आहे त्याचं निरीक्षण मी ग्राह्य धरत नाही. हा प्रयोगशाळेचा नियम आहे.

रविवार, २० सप्टेंबर

तरीही, निःपक्षपातीपणासाठी, घरी चाचणी घेतली. रायफल रिकामी केली, दोनदा तपासली. नळीच्या टोकावर नाणं ठेवून चाप ओढला. नाणं हललं नाही. दहा वेळा केलं, दहाही वेळा जागच्या जागी.

म्हणजे माझा हात स्थिर आहे. ओस्मोचं म्हणणं खोटं ठरलं. मला राग नाही.

शनिवार, २६ सप्टेंबर

बन करायचा कंटाळा आला होता, म्हणून आज बिस्किटं नेली. लोक लवकर घरी गेले.

मोबाइल स्टँडवर लावून दहा गोळ्यांचा व्हिडिओ काढला. पुढेमागे दुकानदाराकडे तक्रार करावी लागली तर पुरावा असावा. व्हिडिओ पाहिलेला नाही. बघण्यासारखं त्यात काही नाही, रायफल समोर आहेच.

परीक्षेसाठी धोरण ठरलं. चारही गोळ्या वर्तुळात हव्यात. आतापर्यंत कागदाच्या मधोमध लागलेल्या गोळ्या मोजल्या तर त्या चारपेक्षा जास्त भरतात. क्षमता आहे. ती फक्त एकाच दिवशी एकत्र यायला हवी.

शुक्रवार, २ ऑक्टोबर

काकांचा फोन. पलीकडून फक्त श्वास. मग म्हणाले, उद्या नीट झोपून ये. यंदाचा कोटा त्यांनी कधीच ओलांडला आहे.

शनिवार, ३ ऑक्टोबर

परीक्षा.

पहिली गोळी वर्तुळात. मला आश्चर्य वाटलं नाही. दुसरी लक्ष्यावरच्या मूसच्या चित्राच्या शिंगात. तिसरी चित्राच्या बाहेर. चौथी कुठेच नाही. परीक्षक तरुण होता, कागद बघून म्हणाला, शिंगं फार सुंदर मारलीत.

त्याच दिवशी दुसऱ्यांदा बसता येतं. बसले. पहिलीच बाहेर.

ओस्मो शेजारच्या पट्ट्यात होता. चार गोळ्या, चारही आत. तो हसला नाही. मला ते जास्त लागलं.

सगळे कॉफीला गेले. काका तेवढे कुंपणाशी कुबडीवर टेकून उभे होते. मी जवळ गेले. ते लक्ष्याच्या दिशेने बघत राहिले, मग म्हणाले, धुकं होतं.

धुक्याचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता. नोंद केली.

राइलीमावशी गाडीपर्यंत सोडायला आल्या. म्हणाल्या, मचाणांची यादी मी शुक्रवारी भिंतीवर लावते. तोपर्यंत तुला काही सांगायचं असेल तर सांग. मी म्हणाले, रायफल तपासायला पाठवते आहे. त्या म्हणाल्या, बरं तर. आज ते होकारासारखं वाटलं नाही. थंडीमुळे असेल.

रविवार, ४ ऑक्टोबर

दुकानदाराला तक्रार पाठवली. मुद्देसूद. स्क्रू, नळी, काडतुसं, वारा, दुर्बीण, धुकं. सोबत व्हिडिओ जोडला. रायफल बदलून द्यावी, अशी मागणी.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

दुकानदाराचं उत्तर जेवणाच्या सुट्टीत आलं. तीन वाक्यं. रायफल पाठवू नका. व्हिडिओ अगदी हळू करून बघा. रायफलकडे नाही, स्वतःकडे बघा.

उद्धट माणूस.

त्याच दिवशी, संध्याकाळी

पाहिला.

पहिल्या गोळीत मी निशाणा धरते. बोट चापावर येतं. चाप अजून मागे गेलेला नाही आणि डोळे मिटले आहेत. नुसते मिटलेले नाहीत, आवळलेले. खांदा पुढे येतो. रायफलचं तोंड खाली जातं. मग बार होतो. माझा चेहरा कोणीतरी दार आपटणार हे आधीच कळलेल्या माणसाचा आहे.

मोबाइलच्या कॅमेऱ्यात चित्र आणि आवाज यांच्यात फरक पडतो. तो तपासला. फरक इतका नाही.

दुसरी गोळी पाहिली. तीच. तिसरी, चौथी. दहाव्या गोळीपर्यंत पाहिल्या. चुकून एकदा डोळे उघडे असतील तर तेवढाच आधार, म्हणून पाहिल्या. नव्हते.

रिकाम्या रायफलवर नाणं पडत नाही, कारण ती रिकामी आहे हे मला माहीत असतं. हे कोणत्याही शिकाऊ मुलीला सुचलं असतं. माझ्या प्रयोगशाळेत कोणी अशी चाचणी घेऊन आलं असतं तर मी सही केली नसती.

यंत्र खोटं बोलत नव्हतं. माझं काम मी चुकीच्या टोकापासून केलं.

आणि शनिवारी धुकं नव्हतं. ऊन होतं, रेंजपलीकडचं तळं चमकत होतं, समोरच्या काठावरचा बर्च मला स्पष्ट दिसत होता. काकांना माहीत होतं; माझं दचकणं मला दिसावं म्हणून ते बिनदारूचं काडतूसही त्यांनी मुद्दामच भरलं होतं. ज्या माणसाला शब्द जपून वापरायची सवय आहे, त्याने त्यातले दोन खोटे वापरले.

काकांना काय सांगावं, कळत नाही. आधी राइलीमावशींना हा मेसेज पाठवला आहे. नोंदीसाठी इथे उतरवते.

राइलीमावशी,
सात नंबरचं मचाण ओस्मोला द्या. रायफलमध्ये दोष नाही. चाप ओढताना मी डोळे मिटते. यंदा यावर इलाज होईल असं वाटत नाही, पुढच्या वर्षी बघू.
येत्या शनिवारी हाकाऱ्यांच्या रांगेत एक माणूस कमी आहे, असं कळलं. हाकाऱ्याला परीक्षा लागत नाही, नारिंगी जाकीट आणि मोठा आवाज लागतो. जाकीट माझ्याकडे आहे.
मला रांगेत घेता येईल का, ते गुरुवारी संध्याकाळपर्यंत कळवा.
हेल्का