टाकीला माणसं कमी पडतात

॥ श्री ॥
बोरगाव (मेघे), ता. १०-१२-१९५६

ती. बाबांना सुमतीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे क्षेम. तुमच्या जावयांनी दिवाळीच्या सुट्टीत परसात गॅसची टाकी बांधली. शाळेत विज्ञान शिकवतात, घरी आले तरी राहवत नाही. संडासाचा मैला आणि स्वयंपाकघरातलं खरकटं एकत्र कुजवायचं, निघेल त्या गॅसवर रांधायचं आणि उरलेला गाळ शेताला खत म्हणून घालायचा. शेगडी खरंच पेटते, वासही येत नाही. पण चहाला उकळी फुटायच्या आत विझते. दोन माणसांचं घर, टाकीला पुरणार किती?

बाबा, एक मनातलं लिहिते. लग्नाला चार वर्षं झाली. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, म्हणून तुम्ही येता, पायरीवर टेकता, पाण्यालाही नाही म्हणता आणि पुढच्या मोटारीने परत जाता. मला फार वाईट वाटतं. एकदा माझ्या हातचं जेवा.

तुमच्या मायेची,
सुमती

बोरगाव, ता. १२-१२-५६

ती. बाबांना माधवचा सा. न. वि. वि.

सुमतीने लिहिलेच आहे. माझा विषय निराळा आहे. टाकीला किमान चार माणसे हवीत. आमच्याकडचे जेवायचे नसेल तर आग्रह नाही, शिधा आंजीहून आणावा. पण ती. आईंसह आठ दिवस मुक्काम करावा आणि पोटभर जेवावे. एवढे सहकार्य पुरे. पोट साफ असावे, ही विशेष विनंती.

लोभ आहेच, मुक्कामही व्हावा.
माधव

आंजी, ता. १६-१२-५६

चि. माधवरावांस बापूरावाचे अनेक आशीर्वाद.

लग्नामुंजीची, बारशाची, तेराव्याची आमंत्रणे पुष्कळ आली. असले पहिलेच. बांधावर शेजारच्या शेतातल्या तानबाला पत्र वाचून दाखवले. तो हसून हसून आडवा झाला आणि म्हणाला, की लोकाइचे जावई सासऱ्याले जेवाले बलावते, तुमचा जावई त्याच्या पुढच्या कामाले बलावून राह्यला. तुमच्या सासूबाईंनी तोंडाला पदर लावून ऐकले.

तरी येतो. तो गाळ वांग्यांना मानवतो का, हे पाहायचे आहे. पीठ, डाळ, कांदे, मिरच्या आमच्या आम्ही आणू. लोभ जेवणाबाहेर ठेवावा.

बापूराव

आंजी, ता. २-१-५७

चि. सौ. सुमतीस अनेक आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तुमच्याकडून आणलेला गाळ वांग्यांना घातला. तानबा नाक धरून लांब उभा होता, आता स्वतःच्या मिरच्यांसाठी मागतो आहे.

सहा दिवस तुझ्या आईने अंगणात वेगळी चूल मांडली आणि तू आत बसून राहिलीस. सातव्या दिवशी शेगडी विझेचना. तू आमच्या पिठाच्या आठ भाकरी भाजल्यास, ठेचा वाटलास आणि माझ्याकडे नुसतं पाहिलंस. मी माधवरावांना विचारलं, की पीठ माझं, मिरची माझी, जाळातही माझा वाटा, मग यात लेकीचं काय? त्यांनी जरा विचार केला आणि शास्त्राप्रमाणे बरोबर आहे म्हणाले. मी पाटावर बसलो. तीन भाकरी खाल्ल्या. तू पदरात तोंड घालून रडत होतीस, मी न पाहिल्यासारखं केलं.

पण तुला म्हणून सांगतो, कुठे बोलू नको. ठेच्यातलं मीठ तुझं होतं. पीठ भिजवलं ते पाणीही तुझंच होतं. पहिला घास घेण्याआधीच हे माझ्या ध्यानात आलं होतं.

असाच जीव लाव.
तुझा बाबा