किनाऱ्याचं कलम

अ‍ॅशबर्न, १२ फेब्रुवारी २०२४

ती. पद्मिनी मावशीस,
सविनय जयभीम, वि. वि.

तुला फोनवर नीट ऐकू येत नाही म्हणून पत्रं लिहायचं ठरलं आणि पहिल्याच पत्राला मी उशीर केला. रागावू नकोस, कारण मोठं आहे. एका छोट्या बेटदेशाची नवी राज्यघटना लिहायला मदत करायचं काम आमच्या वॉशिंग्टनच्या संस्थेला मिळालंय. सल्लागार वकील म्हणून मी तिथे जाऊन आले.

गावोगावी जनसुनावण्या झाल्या. एका गावात लेओना नावाची शिक्षिका उठली आणि म्हणाली की आमचा किनारा कुणाला द्यायचा असेल तर आधी गावाची संमती घ्या, आणि हे घटनेतच लिहा. मग तिने थेट मला विचारलं, आमचं बोलणं पुढे पोचेल की नुसतं ऐकून घेताय? मी सगळ्यांसमोर शब्द दिला की मसुदा समितीच्या बैठका खुल्या होतील, रेडिओवर ऐकवल्या जातील. समितीच्या अध्यक्षांनीही तेच सांगितलं होतं.

विवेकला लेऑफ झाल्यापासून दुसरी नोकरी नाही. म्हणतो, तू देश घडव, मी वरणभाताचा कुकर लावतो. गुडघ्याला जप, आणि माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
मोनाली


एडिसन, ३ मार्च २०२४

चि. मोनालीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. ओक ट्री रोडवर भाजी घेताना भेटेल त्याला सांगतेय की माझी भाची एका देशाची घटना लिहितेय. शेजारच्या रत्नाने विचारलं कुठला देश, तर मला नाव आठवेना. ठोकून दिलं की खूप मोठा आहे.

खरं सांगू, तुझे आजोबा हवे होते. नागपूरला जेवताना ते आम्हाला संविधान सभेतली भाषणं वाचून दाखवायचे. वरण गार व्हायचं, आई चिडायची. ते म्हणायचे, कोण कुणाशी भांडलं तेसुद्धा छापलंय बघा, काही झाकून ठेवलेलं नाही. त्या बाईला शब्द दिलास ते बरं केलंस.

विवेकला म्हणावं, धीर सोडू नको. दोघं वेळेवर जेवा. म्हातारीची आठवण ठेवा.

तुझी मावशी,
पद्मिनी


अ‍ॅशबर्न, ९ जून २०२४

ती. मावशीस,
सविनय जयभीम, वि. वि.

मन थाऱ्यावर नाही, म्हणून खुशालीचं काही लिहीत नाही. एकही बैठक खुली झाली नाही. राजधानीतल्या एका हॉटेलात दारं लावून मसुदा ठरला आणि किनाऱ्याचं कलम गाळलं. मी अध्यक्षांना विचारलं तर म्हणाले, लोकांना कायद्याची भाषा कळत नाही, पुढे दुरुस्ती करता येईलच. कलम कुणी काढायला लावलं, ते कुणीच सांगत नाही.

आता सार्वमताआधी आमच्या संस्थेचा अहवाल रेडिओवर वाचला जाणार आहे. त्यात लिहिलंय की सारी प्रक्रिया खुली आणि निःपक्षपाती होती. खाली माझी सही हवी, कारण गावोगावी लोकांनी मलाच पाहिलंय. मी नकार दिला, तर आमच्या संस्थेची डायरेक्टर शांतपणे म्हणाली की मग तुझ्या नोकरीचा विचार करावा लागेल. आमचा दोघांचा व्हिसा याच नोकरीवर आहे, मावशी. दोन महिन्यांत दुसरी मिळाली नाही तर बॅगा भरायच्या.

काय करू? लवकर लिही.

मोनाली


एडिसन, १४ जून २०२४

चि. मोनालीस,
अ. उ. आ.

सही करून टाक. मसुदा तू लिहिला नाहीस, कलम तू गाळलं नाहीस. तू सही नाही केलीस म्हणून ते लोक थांबणार आहेत का? इथे पाय रोवताना मी किती ठिकाणी गप्प बसले, ते माझं मला ठाऊक. आधी स्वतःचं घर सांभाळ, देश त्यांचा ते सांभाळतील.

डोक्यातून काढून टाक आणि दोन दिवस इकडे ये. पुरणपोळ्या करते.

काळजीत असलेली,
मावशी


अ‍ॅशबर्न, २ सप्टेंबर २०२४

ती. मावशीस,
सविनय जयभीम, वि. वि.

मी सही केली होती, तुला कळवलं नाही. सार्वमत झालं, घटना मंजूर झाली. थोडक्या मतांनी.

काल लेओनाचा फोन आला. मला वाटलं, शिव्या देईल. तिथे असताना मी तिला विवेकचं सांगितलं होतं; तिने आधी त्याला नोकरी लागली का ते विचारलं. मग म्हणाली, गावातल्या बायका नाही म्हणणार होत्या. रेडिओवर तुझं नाव ऐकलं म्हणून मीच दारोदार जाऊन सांगितलं की मोनालीने सही केलीय, म्हणजे आपलं कलम आत असणार, बिनधास्त हो म्हणा. नंतर छापील प्रत हातात आली.

त्यात कलम नव्हतं, एवढं सांगून तिने फोन ठेवला.

मोनाली


एडिसन, ९ सप्टेंबर २०२४

चि. मोनालीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. आयुष्यभर मी नर्सचं काम केलं. जे केलं नाही ते केलं म्हणून पेशंटच्या कागदावर कधी लिहिलं नाही. आणि तुला मात्र तेच करायला सांगितलं. घाबरले होते गं. तू परत जाशील, मी इथे एकटी उरेन, हेही मनात होतं. तेव्हा लिहिलं नाही, आता लिहितेय.

आता काय करायचं ते तुझं तू ठरव. माझा सल्ला घेऊ नकोस. घराची किल्ली मात्र सोबत पाठवतेय. नोकरी गेली तर दोघं इथे या.

मावशी


बॉथेल, २० एप्रिल २०२५

ती. मावशीस,
सविनय जयभीम, वि. वि.

राजीनाम्यानंतर तुझ्याकडे काढलेले दिवस विसरणार नाही. विवेकला इथे नोकरी लागली म्हणून आम्ही अमेरिकेत राहू शकलो, नाहीतर कठीण होतं.

अहवाल खोटा होता आणि सही माझी होती, हे मी बेटावरच्या रेडिओला लेखी कळवलं, ते तुला माहीतच आहे. त्यांनी ते एकदा वाचलं. त्यानंतर लेओनाने निरोप दिला की वाईट वाटून घेत बसू नकोस, घटनादुरुस्तीचा अर्ज लिहून दे. मी एकेक वाक्य लिहायचे, ती ते गावात वाचायची, लोक बदल सांगायचे. एका आजोबांनी ‘संमती’ या शब्दाच्या आधी ‘सर्वांसमोर’ घालायला लावलं. संसदेतलं मतदान नाव पुकारून व्हावं, अशी मागणीही गावानेच केली आणि ती मान्य झाली.

परवा मतदान झालं. अर्ज फेटाळला गेला. किनाऱ्यावर कुंपणाचे खांब आलेत. लेओना म्हणाली की सगळं गाव रेडिओभोवती बसलं होतं, आणि त्यांच्याच भागातल्या खासदाराने नाही म्हटलेलं सगळ्यांनी ऐकलं. आता तो गावात आला की त्याला तोंडावर विचारणार आहेत.

मी तिला म्हटलं, हे असं सगळ्यांसमोर, हॉटेलातल्या त्या बैठकीआधीच व्हायला हवं होतं. ती म्हणाली, हो, हवं होतं. माझी समजूत नाही घातली तिने.

जमलं तर उन्हाळ्यात इकडे ये. आणि जशी आहे तशी मला आपली म्हण.

तुझी,
मोनाली